संध्याकाळची रिंग

मांडवी, रत्नागिरी
नोव्हेंबर २००६

प्रिय राही,

माझा पुतण्या मुझम्मिल काल मला न विचारता रेहानचा फोन बाजारात घेऊन गेला, म्हणून तुला लिहिणं भाग पडलं. लॉक तोडून त्याला आतले मेसेज बघायचे होते. मेलेल्या माणसाला रोज संध्याकाळी मिस्ड कॉल देणारी कोण, याचा छडा लावायचा होता. मी दुकानात पोचले तेव्हा बॅटरी काढून झाली होती. पाच मिनिटांचं काम होतं चाची, म्हणाला. मी म्हटलं, आधी तुझ्या डोक्यात बॅटरी आहे का बघून घे. फोन उचलला आणि चालत घरी आले.

घाबरू नकोस. काही उघडलेलं नाही.

कळ दाबली की, किंवा बंद फोन सुरू केला की, त्याने आकडे विचारावेत, अशी सोय रेहानने पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. मी चिडवलं, एवढं काय सोनं ठेवलंयस त्यात? तर म्हणाला, तुझ्या कपाटाची किल्ली तू कधी कमरेची काढतेस? मग हे आकडेही सख्ख्या आईला सांगायचे नसतात. मला राग आला नाही. कॉलेजात असताना आमच्या होस्टेलच्या बाई मुलींची पत्रं फोडून वाचायच्या. तेव्हापासून दुसऱ्याचं बंद ते बंद, हा माझा नियम आहे.

तो लाँचचं इंजिन बघायला समुद्रात गेला, त्या सकाळी फोन चार्जिंगला घरीच राहिला. लाँच उलटली, तो नाटे गावच्या किनाऱ्यावर सापडला, ते तुला ठाऊक आहेच. दफन करून माणसं परतली. मगरिबची अजान झाली आणि फोन वाजला. एकदाच, आणि बंद. पडद्यावर नावाच्या जागी नुसतं एक टिंब. ती त्याची घरी यायची वेळ. मी उठून दार उघडलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग तो रोज वाजू लागला. बॅटरी संपून फोन बंद पडला तर पुन्हा सुरू होताना आकडे मागणार, आणि ते दिल्याशिवाय कधीच वाजणार नाही, एवढं मला कळत होतं. लोडशेडिंगच्या वेळी मी तो शेजारच्या हमीदभाईंच्या इन्व्हर्टरवर लावून यायची. त्यांना वाटलं, बाई भ्रमली. वाटू दे.

एकाच संध्याकाळी तो वाजला नाही. त्या संध्याकाळी बर्फाच्या कारखान्यातल्या ऑफिसच्या बायकांबरोबर तू माझ्याकडे बसायला आली होतीस. चहाला हात लावला नाहीस. निघताना दाराशी त्याच्या चपलांना तुझा पाय लागला, तेव्हा वाकून त्या सरळ ठेवल्यास. मी काही विचारलं नाही, आताही विचारत नाही.

गोदा मासळी घेऊन तुमच्याकडेही येते. तुला गुहागरचं स्थळ आलंय, असं तिच्याकडून कळलं. चांगलं आहे. पण मुझम्मिल पुन्हा हात मारणार, आणि मी काही कपाटाशी राखणीला बसायला जन्मभर पुरणार नाही. म्हणून फोन तुझ्याकडे असलेला बरा. आकडे तुला ठाऊक असतील. आतलं ठेवायचं की पुसायचं, ते तू ठरव.

एवढ्यासाठी दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती. पण काल संध्याकाळी बॅटरी बसवून फोन समोर ठेवला. त्याने आकडे मागितले. अजान झाली, बोटी धक्क्याला लागल्या, आणि काही वाजलं नाही. तू रिंग दिलीस का, तेही कळायला मार्ग नाही. हे घर इतकं गप्प तो गेला त्या दिवशीही नव्हतं. घरच्या फोनचा नंबर पाठवते आहे. लग्न होईपर्यंत, जमेल तितके दिवस, त्या वेळेला एकदा वाजव. मी उचलणार नाही.

तुझीच,
रेहानची आई, आसिया

गोदाच्या हाती, ऑफिसच्या पत्त्यावर: रेहानचा फोन, बंद, न उघडलेला. त्याचा चार्जर. घरच्या फोनचा नंबर, वेगळ्या कागदावर.