सेंट पॅट्रिकला बसलेला घसा

१३ मार्च, गॉलवे

ठरलं. सतराला सकाळच्या बसने गावी. सेंट पॅट्रिक डेच्या परेडमध्ये गावचा बँड बाबा नेतात, मोठा ड्रम मी वाजवतो. बाबांना फोनवर ‘नक्की’ म्हणालो. रूममेट टायगलाही सांगून टाकलं, यंदा मी इथे नाही. तो हसला. हसू दे.

१५ मार्च

टायग म्हणतो, कॉलेजचं शेवटचं वर्ष, असा सतरा मार्च पुन्हा मिळणार नाही. गाव काय, कुठे पळून चाललंय? मुद्दा विचार करण्यासारखा आहे. विचार करतोय. फक्त विचार.

१६ मार्च

घसा खवखवतोय. निदान खवखवेल असं वाटतंय. बाबांना फोन केला. आवाज जरा बारीक लावला. खोकलोही, चांगला जमला. बाबा म्हणाले, ‘पडून राहा रे पोरा. ड्रम काय, कोणीही वाजवेल.’ हे ‘कोणीही’ लागलं मनाला. मग आईने फोन घेतला. म्हणाली, मिठाच्या गुळण्या कर रे डोनखा, अंगावर काढू नकोस. लगेच केल्या. म्हणजे अगदीच खोटं नाही.

१७ मार्च, सकाळ

आधी चर्च, मग अभ्यास. इथली परेड फक्त खिडकीतून.

खिडकीतून परेड दिसत नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. टायगने तोंडाला हिरवा रंग फासायला घेतला. नको म्हणालो, पण तोवर एक गाल झाला होता. अर्धं तोंड बरं दिसत नाही.

दुपार

इस्टरआधीच्या लेंटच्या उपासात बिअर सोडली आहे. पण आजच्या दिवशी चालते, असं बाबाच म्हणतात. त्यांच्या शब्दाला मान म्हणून एक.

जरा वेळाने

फारच मान दिला.

संध्याकाळ

घरी आलो तर स्वयंपाकघरात बाबा. अंगात बँडचा कोट, सोनेरी बटणं. ओट्यावर आईने पाठवलेलं सूप. आमची आठवड्याभराची खरकटी भांडी धुऊन, पुसून, रचून ठेवलेली. मफलर न्यायला आलेल्या टायगने त्यांना दार उघडलं होतं. म्हणाला होता, ‘आजारी? कोण? तो तर चौकात पिंपावर नाचतोय, काका!’

गावची परेड तीनला. ती बाबांशिवाय निघाली. माझ्या जन्मापासून पहिल्यांदा.

मी म्हणालो, मोकळ्या हवेने घसा सुटतो असं वाचलं होतं. बाबांनी माझ्या हिरव्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘लोणी लाव. साबणाने नाही निघायचा हा रंग.’ आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मलाही काहीतरी बोलता आलं असतं.

१८ मार्च

निर्णय पक्का. रविवारी गावी जायचं, आईसमोर सगळं खरं सांगायचं.

आईचाच फोन आला. बाबांनी काल रात्री गावच्या भरल्या हॉलमध्ये सांगितलं म्हणे, पोर तापाने फणफणलं होतं, सोडून येववेना. फादरनी माझ्यासाठी प्रार्थना केली. शेजारच्या लॅव्हेलबाईंनी मेणबत्ती लावली. सांगताना बाबांचे कान लालबुंद झाले होते. आईला वाटतंय, काळजीने.

आता मी खरं बोललो तर खोटे बाबा पडणार.

मग बाबांनी फोन घेतला. मागचं दार उघडल्याचा आवाज आला; अंगणात गेले असावेत. हळूच म्हणाले, ‘इस्टरला येशील तेव्हा जरा अशक्त दिस. मला हे पुन्हा जमायचं नाही.’

‘सॉरी’ म्हणायला तोंड उघडलं. ‘थँक यू’ निघालं.