वीसपैकी वीस

१२ मार्च

प्रिय चष्मिस,

एव्हाना सुखरूप पोहोचली असशील. इकडे सगळं ठीक. सासूबाईंचा गुडघा कुरकुरतोय, लेकीची परीक्षा चालू आहे. त्या दिवशी तू आमच्या दवाखान्याच्या तपासणीला आलीस आणि आपण दोघींनी ओळख दाखवली नाही, ते बरंच झालं. हॉस्टेलच्या एकाच खोलीत तीन वर्षं काढलीत हे कळलं असतं, तर तू दिलेल्या मार्कांवर कुणीतरी बोट ठेवलं असतं.

वीसपैकी वीस. आमचे डॉक्टर सगळ्यांना सांगत सुटलेत. तुझ्या अहवालावरून आम्हा नर्सना दिलेलं क्षयरोगाचं हेच प्रशिक्षण आणखी चाळीस दवाखान्यांत द्यायचं ठरतंय म्हणे. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसले.

ज्या पेशंटला समजावताना तू मला पाहिलंस, तो माझा धाकटा दीर. ठणठणीत आहे. आदल्या दिवशी घरी बसून त्याने खोकला घोटला. लेक हसून हसून लोळली. मास्क शेजारच्या दवाखान्यातून आणलेले, संध्याकाळी परत गेले.

खऱ्या पेशंटना मी सकाळीच दारातून परत पाठवलं. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. त्यात एक शिवणकाम करणारी बाई होती, थुंकीचा रिपोर्ट घ्यायला आलेली. "ताई, काय आलंय तेवढं तरी सांगा, लांबून आलेय," म्हणाली. रिपोर्ट माझ्याच खणात होता. क्षय निघाला होता. सांगायचं म्हणजे नोंद, गोळ्या, समजावणं. अर्धा तास गेला असता. तुमची गाडी फाटकात शिरत होती. मी म्हटलं, "उद्या या. घाबरण्यासारखं काही नाही."

ती आलीच नाही. चार दिवसांनी मी तिच्या घरी गेले, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "नर्सबाईंनी काही नाही म्हणून सांगितलं, म्हणून निर्धास्त होऊन लेकीच्या बाळंतपणाला गेली."

रोज फोन लावत होते. काल लागला. सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "बाळ अकरा दिवसांचं आहे. माझ्याच कुशीत झोपतं."

आज ते सगळे तिकडच्या दवाखान्यात गेलेत. अजून निरोप नाही.

प्रशिक्षण वाईट नव्हतं गं. मला सगळं येत होतं. येत असूनही मी अशी वागले, आणि ते तुझ्या मार्कांच्या तक्त्यात कुठेच बसलं नाही. माझं नाव घालून अहवालात लिही. नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

मला उत्तर नंतर दे. आधी तुझ्या कार्यालयाला लिही.

तुझी, अजून मैत्रीण म्हणवत असशील तर