लेव्हल नऊ होईपर्यंत

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. आयरिश भाषेतली माझी प्रगती इतकी झपाट्याने होते आहे की नोंद ठेवली नाही तर पुढे मलाच पटणार नाही. फोनवरच्या खेळात उलटसुलट शब्द येतात, ते ओळीत लावायचे. क्रियापद आधी, मग माणूस, मग बाकीचं. "आहे पेन टेबलावर." "गेला पोस्टमन पुलावरून." वीसपैकी वीस. लेव्हल चार. शाळेत चौदा वर्षं हीच भाषा होती आणि काही आलं नाही. म्हणजे दोष शाळेचा.

५ सप्टेंबर, गुरुवार
फेस्टीचा फोन. तो पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमाराला, बाबांच्या गावी, डीलिया आत्याच्या शेजारी राहतो, मेंढ्या पाळतो आणि कामाशिवाय फोन करत नाही. आत्याला जुलैत मेंदूचा झटका आला, त्यात तिची इंग्रजी पार पुसली गेली. जन्माची आयरिश तेवढी उरली. फेस्टी म्हणाला, डॉनल, ती सारखी तुझं नाव काढते रे. तुझ्या बापाचं काहीतरी सांगायचंय म्हणते. मी म्हटलं मला सांग, तर म्हणते घरातलं घरातच सांगीन.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नोव्हेंबरात एका सकाळी धक्क्यावरून होडी घेऊन निघाले. होडी सापडली, वल्ही आत नीट आडवी ठेवलेली. बाबा सापडले नाहीत. आई म्हणायची, बुडाले. गावातले लोक काहीच म्हणायचे नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटायची. आईने मला आणि धाकट्या बहिणीला, ग्रॉन्याला, उचलून ॲथलोनला माहेर गाठलं. त्या घरात आयरिश कुणी बोलत नसे.

फेस्टीला सांगितलं, येतो, पण तयारीनिशी. लेव्हल नऊ झाली की लगेच. तो म्हणाला, अरे मी बसतो ना जवळ, सांगेन तुला इंग्रजीत. दुभाष्याची गरज नाही, असं त्याला नम्रपणे कळवलं.

९ सप्टेंबर, सोमवार
लेव्हल पाच. आजचं वाक्य: "बसली आहे म्हातारी खिडकीपाशी." योगायोग.
काल जाणार होतो, पण पाऊस होता. तिकडे पाऊस असतोच, तेव्हा दिवस नीट पारखून निवडावा लागेल.

१५ सप्टेंबर, रविवार
पर्थहून ग्रॉन्याचा फोन. धाकटी असून दटावते. म्हणाली, दादा, खेळ ठेव आणि गाडी काढ. फेस्टीला शेजारी बसव आणि एवढंच विचार, मेले की सोडून गेले? तिला बाबांचा चेहराही आठवत नाही. मला कळायलाच हवं, असं म्हणता म्हणता तिचा आवाज चिरकला. मलाही कळायला हवं, हे मी तिला म्हणालो नाही.
निश्चय: रोज चाळीस वाक्यं.

२० सप्टेंबर, शुक्रवार
लेव्हल सात. फेस्टीने निरोप ठेवलाय, आत्याने जेवण सोडलंय. आजचं वाक्य: "निघाला डॉक्टर घरातून." खेळ बनवणाऱ्यांनी जरा आनंदी वाक्यं घ्यावीत. आमच्या रंगाच्या दुकानात नवा माल आला आहे, या आठवड्यात हलणं अशक्य.

२८ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ६
जाऊन आलो. लेव्हल आठवरच. फेस्टी म्हणाला होता, आज आलास तर आलास.

आत्या अंथरुणात एवढीशी झाली आहे. फेस्टी खुर्ची ओढून बसत होता, त्याला मेंढ्यांकडे पाठवलं. वाटेत बारा वाक्यं घोकली होती. आत्याने माझा हात धरला आणि वाट बघत राहिली. खेळात शब्द खाली दिलेले असतात, आपण फक्त उचलायचे. इथे खाली आत्याची गोधडी होती. तोंड उघडलं, तर या देशातल्या प्रत्येक पोराला शाळेतून जे एक वाक्य झोपेतही येतं तेच बाहेर पडलं: बाई, शौचालयात जाऊ का?

आत्याने दाराकडे बोट केलं. जाऊन आलो. उच्चार उत्तम झाला असणार, कारण तिला लगेच समजलं.

मग ती वीस मिनिटं बोलली. बाबांचं नाव कळलं. होडी कळली. दार कळलं, पण कुठलं ते नाही. मी मान डोलावत होतो. ती रडली तेव्हाही डोलावली. एकदा थांबून तिने काहीतरी विचारलं, मी होकारार्थी मान हलवली. तिने तेच पुन्हा विचारलं, मी आणखी जोरात हलवली. तिने माझा हात सोडला.

बाहेर फेस्टीने विचारलं, कळलं का रे? म्हटलं, शब्दन्‌शब्द. काय म्हणाली? म्हटलं, घरातलं घरातच.

१ ऑक्टोबर, मंगळवार
फेस्टीचा पुन्हा फोन. म्हणाला, आत्या विचारते, पोराला समजलं का. नसेल समजलं तर आता मला सांगायला तयार आहे. लाज धरू नकोस डॉनल, माझी मुलं गॉलवे शहरात राहून आयरिश विसरली, तुझं काय घेऊन बसलास. मी म्हटलं, सगळं समजलं, तिला त्रास देऊ नकोस. वेगळं सांगता आलं असतं, पण मग शनिवारचं बोलणं खोटं ठरलं असतं.
लेव्हल नऊ पूर्ण. पडद्यावर फुगे उडाले.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
डीलिया आत्या काल सकाळी गेली.

७ ऑक्टोबर, सोमवार
दफन झालं. चर्चच्या दाराशी घरचा माणूस म्हणून एकटाच उभा होतो. सगळं गाव रांगेने हात मिळवून आयरिशमध्ये काही म्हणत गेलं, मी मान डोलावली. नंतर हॅम सँडविच आणि चहा. फेस्टी शेजारी येऊन बसला. म्हणाला, तुझा निरोप आत्याला दिला मंगळवारी. तिने चहा मागितला, दोन घोट घेतले आणि म्हणाली, झालं, त्याला कळलं. नंतर तो विषय काढलाच नाही तिने. बरं केलंस आलास ते.
सँडविच अर्धंच ठेवलं. मोहरी जास्त होती.

९ ऑक्टोबर, बुधवार
ग्रॉन्याने नमस्कार-चमत्कारही केला नाही. मेले की गेले? म्हटलं, असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. मग म्हणाली, एवढंच सांग दादा, वाईट आहे का? मी हो म्हणालो. ती रडायला लागली म्हणून, तसं नाही, असंही म्हणालो. तिने तिकीट काढलंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७.१०
लेव्हल दहा उघडली. यात आपलं स्वतःचं वाक्य तपासून मिळतं. दोन लावून पाहिली. "बुडाले माझे बाबा." "सोडून गेले माझे बाबा." दोन्हींपुढे हिरवी खूण आली, चूक एकही नाही.
ग्रॉन्याचं विमान पुढच्या शनिवारी उतरतं. आणायला मीच जाणार आहे.