धुण्याच्या दगडाचा देव

नगर, ता. ८ ऑगस्ट १९४९

ति. मच्छिंद्रदादा यांस छबूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

घरी सर्व खुशाल, पण तुमच्या नव्या घराच्या पुढच्या खोलीवर संकट आले आहे. म्युनिसिपालिटीला आता नकाशाबाहेरचे बांधकाम पाडण्याचा अधिकार मिळाला आहे. आपले गुत्तेदार म्हणजे मावशीचा मुलगा, श्रीमंतभाऊ. त्यांनी खोलीची भिंत दोन हात रस्त्यात घेतली आणि नोटीस आपल्याला आली. भिंत मागे घ्या म्हटले तर ते हसले. आईचा धुण्याचा दगड उचलला, शेंदूर फासला आणि त्याच भिंतीच्या कोनाड्यात बसवला. म्हणाले, आता हिला कुदळ लावणारा अजून जन्मायचा आहे. एवढी अक्कल ओळंबा धरताना वापरली असती तर भिंत सरळ तरी आली असती.

आई आधी हसली. मग तिचा गुडघा दुखायचा थांबला आणि ती दगडाला रोज तेल घालू लागली. आता हे जुने देवस्थान आहे असे नोटिशीचे उत्तर मी लिहायचे. घरात लिहिता येणारी मी एकटीच. खोटे लिहायचे माझ्या जिवावर आले आहे. काय करू ते कळवा. माया आहेच, ती पत्रातून दिसू द्या.

आपली बहीण
छबू


झाशी, ता. १८ ऑगस्ट १९४९

चि. छबूस अनेक आशीर्वाद.

बराकीतला दोस्त मी बोलंन तसं उतरवतोय. त्या दगडावर मी चिखलाचे पाय घासलेत, त्याला देव म्हनायचं म्हंजी मला बी हसू येतंय. श्रीमंत लबाड हाय, न्हाई कोन म्हनतं? पर दिवाळीला तुझ्या वयनीला त्याच खोलीत आनायचीय, सासऱ्याला तसा शबुद दिलाय. तवा लिहून टाक. मास्तरनीवानी चुका काढत बसू नको. तुला शाळंत घातली ती घराच्या कामाला यावी म्हनून. रागावलो असं समजू नको, जीव हाय तुझ्यावर.

मच्छिंद्र


नगर, ता. ५ सप्टेंबर १९४९

ति. दादांस छबूचा नमस्कार, वि. वि.

खोली गेली. मला खोटे लिहवले नाही. दगड आमच्या धुण्याचा आहे, भिंत आम्ही मागे घेतो, खोली तेवढी राहू द्या, असे लिहून दिले. म्युनिसिपालिटीच्या ओव्हरसियरांनी वाचले, चपला काढल्या आणि दगडापुढे नारळ फोडला. मग प्रेसिडेंटसाहेब मंडळींसह आले. देव हलवायचा नाही, पण भाविकांना प्रदक्षिणेला जागा हवी, असे ठरले. भिंत सोडायला घरवाले राजी आहेत, असे म्हणून त्यांनी माझाच कागद सर्वांना दाखवला. माझ्या खऱ्यातले आणि श्रीमंतभाऊंच्या खोट्यातले हवे तेवढे घेतले, आणि कोनाडा ठेवून अख्खी खोली पाडली. तिथे आता देऊळ होणार, त्याचा गुत्ता श्रीमंतभाऊंना मिळाला. तेही ओळंब्याशिवायच बांधतील.

मजुरांनी दगडाला हात जोडून मगच कुदळ लावली. आईही हात जोडून उभी होती. मी जोडले नाहीत. शिकलेली पोर घराला नडली, असे श्रीमंतभाऊ चारचौघांत म्हणाले. आई दगडाला तेल घालायला गेली.

वहिनींच्या वडिलांना कळवणे मलाच आले. आई म्हणते, देवाने जागा मागितली असे लिही. मी, म्युनिसिपालिटीने खोली पाडली, असे लिहून पत्र पेटीत टाकले आहे. हवा तेवढा राग धरा, पण पत्र पाठवायचे थांबवू नका.

आपली
छबू