पत्र्यावरची पाच बोटं

२४ सप्टें., बुध.
ढग हटले. कंपनीच्या गच्चीवर दोन्ही पत्रे उन्हात. एकावर माझा पांढरा रंग, दुसऱ्यावर केतकीचा. काम एकच: ऊन परतवायचं, आतली उष्णता आकाशात सोडायची, विजेशिवाय गार राहायचं. दुपारी माझा पत्रा हवेइतका, तिचा हवेपेक्षा गार! हात लावून पाहिला. खरंच. दुपारचा डबा घशाखाली उतरला नाही.

२६ सप्टें.
मीटिंग. केतकी म्हणे, "सर, आता जगभर सच्छिद्र थरांवर काम चाललंय. नुसत्या पांढऱ्याचे दिवस गेले." चाकणच्या या लॅबमध्ये मी सतरा वर्षं, ती सात महिने. साहेब माना डोलावतायत. पुढच्या शनिवारी ज्याचा पत्रा गार, त्याचा रंग कंपनीच्या ट्रकच्या टपावर. पोरगी हुशार आहे, तेच खुपतं. हेवा वाटतो. लिहून टाकलं.

१ ऑक्टो. खंडेनवमी
मशीनची पूजा दरवर्षी माझ्याकडे. मिक्सर, ओव्हन, काटा झाला. शिपाई पांडूभाऊ म्हणाले, "सर, वरचे पत्रे ऱ्हायले की."
माझ्या पत्र्याला कोपऱ्यात एक बोट. तिच्या पत्र्याला ओल्या कुंकवाची पाच, ऐन मधोमध. तापमान मोजणारा सेन्सर खाली तिथंच, मला ठाऊक.
केतकीनं हात जोडले. "सर, तुमच्या हातची पूजा. आता काळजी नाही."

३ ऑक्टो.
कुंकू तसंच. पूजेचं कोण पुसणार? तीही नाही.

४ ऑक्टो., शनि.
तिचा पत्रा हवेपेक्षा गरम. कुंकू छिद्रांत मुरलंय, ऊन पितंय. माझा रंग ठरला. साहेबांनी पाठ थोपटली. कासारवाडीला घरी पेढे घेऊन गेलो. बायको म्हणाली, "मग तोंड का पाडलंय?"

६ ऑक्टो.
केतकी दिवसभर स्वतःचेच आकडे तपासत होती. संध्याकाळी बसच्या रांगेत, "सर, माझं काय चुकलं? कुंकवाचं म्हणावं, तर ते तुमच्याही पत्र्याला होतं ना?"
भोळेपणानं विचारलं की कसं, कळलं नाही. म्हटलं, "बघू उद्या." ट्रक परवा रंगणार.

७ ऑक्टो.
लवकर आलो. फडकं नि स्पिरिट घेऊन गच्चीवर. घासलं, घासलं. वरचं निघालं, आतलं नाही. पाच फिकट पट्टे. त्यांवर हात ठेवून पाहिला, बोटाला बोट लागलं.
मागं दार वाजलं. केतकी. तिच्याही हातात फडकं.
"सर, तुम्ही?"
पत्र्यावरचा हात उचलला नाही. म्हटलं, "बस जरा. सांगायचंय."
ती बसली. म्हटलं, "सेन्सर कुठं आहे, ते मला ठाऊक होतं."