बाहेर सगळ्यांचा पत्ता एकच

४ मार्च, बडनेरा
अभ्यासिका फोडली. रेतीवाल्या बबनरावची माणसं, हातात पाइप. पूर्णा नदीतल्या रेतीच्या चोरट्या उपशाचे फोटो आमच्या अभ्यासिकेच्या इंटरनेटवरून टाकले गेले, एवढं त्याला कुठूनसं कळलं. कोणी टाकले, ते नाही. आमचं नेट सांभाळणारे सलीमभाई राउटरवर आडवे पडले. मनगटावर पाइप, रक्त भिंतीवर उडालं. हाड मोडल्याचा आवाज ऐकला. मग राउटर भिंतीवर आपटून चुरा.
मी एकाचं नाक फोडलं. जन्मभर अहिंसेवर व्याख्यानं देऊन. पश्चात्ताप शोधतोय, सापडत नाही.

५ मार्च
बबनरावचा फोन. "ओ वक्ते, नाव सांगा. कोन्या कम्प्युटरवरून गेलं?"
म्हटलं, बाहेर इंटरनेटवर आमचा सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. आत कोणाला कोणता दिला, हे फक्त राउटरला ठाऊक होतं. तो तुमच्या माणसांनी फोडला.
मग आईवरून शिवी.
नाव मला माहीत आहे. पूजा. खिडकीशी बसते, तलाठी परीक्षेचं वाचते.

७ मार्च
सलीमभाई अकोल्याला बहिणीकडे, हात प्लास्टरात. नवा राउटर. ते फोनवर सांगतात, मी टाइप करतो.
"कोनता पत्ता कोनालेच द्यायचा नाही, ते पयले लिवा. excluded-address. राउटरचा सोताचाच पत्ता वाटून टाकसान, तर सारं बसते."
मग वाटायचे पत्ते. मग inside, outside, म्हणजे आतली बाजू कोणती, बाहेरची कोणती. मी उलटं लावलं.
"भाऊ, घर रस्त्यावर आन रस्ता घरात. भाषनात बी असंच करता काय?"
शेवटी overload. सगळे पुन्हा एका पत्त्याआड.
अभ्यासिकेचे अध्यक्ष देशमुख मागे उभे. "एकेका खुर्चीले पत्ता बांधून टाका. कोन काय करते, नोंद ठेवा. बबनराव म्हन्ते, मंग तरास नाही."
त्यांची कॉलर धरली. भिंतीपर्यंत नेलं. तिथे अजून सलीमभाईंचं रक्त आहे, ते दाखवलं. मग सोडलं.
फोनवर सलीमभाई सगळं ऐकत होते. एवढंच म्हणाले, "write मारा. नाही त लाइन गेली का सारं पुसते."
मारलं. पत्ते कोणालाच बांधले नाहीत.

९ मार्च
नाकाची तक्रार माझ्यावर दाखल. देशमुख किल्ली मागतात. दिली नाही.
दुपारी पूजा आली, खिडकीशीच बसली. म्हटलं, आज घरी जा.
"काहून सर? तुमी जाऊन राहिले काय?"
"नाही."
"मंग."
मोबाइल पुढे सरकवला. नवे फोटो. या वेळी ट्रॅक्टरचा नंबर दिसतो, बबनरावचा भाऊही. "टाकू काय?"
दारामागे मीही एक पाइप ठेवलाय. कोपऱ्यावर ट्रॅक्टर उभा, इंजिन चालू. ती माझ्याकडे बघत थांबली आहे आणि मी, ज्याला शब्द कधी कमी पडले नाहीत, एकच शब्द उच्चारतो: "टाक."