अंदाजपत्रकातली खूण

३ फेब्रुवारी
आजपासून नगरपालिकेचं अंदाजपत्रक वाचणार. पानं चारशे बारा. प्रत आमच्या वाचनालयातच ठेवली आहे, नागरिकांसाठी. हरकती अठरा तारखेपर्यंत. वाचनालयच बंद करणार अशी कुजबुज आहे. करू देणार नाही. रोज तीस पानं, चौदा दिवस. सहज.

४ फेब्रुवारी
पान दोन. शाळेआधी बाबांनी घरीच शिकवलं. त्यांचा नियम: समजल्याशिवाय पान उलटायचं नाही. ‘प्रारंभिक शिल्लक’ समजली नाही.
ग्रंथपाल काकू म्हणाल्या, अगं, अनुक्रमणिका बघ, आपलं पान काढ नि मोकळी हो. मी नोकर माणूस, मला हरकत घेता येत नाही, तूच घे बाई. हसून सोडून दिलं. शॉर्टकट आपल्याला जमत नाहीत.

७ फेब्रुवारी
पान नऊ. शोध! बऱ्याच आत कागदाची एक खूण आहे. म्हणजे आणखी कुणीतरी वाचतंय, आणि माझ्या पुष्कळ पुढे आहे. उघडून पाहिलं नाही. दुसऱ्याची खूण म्हणजे दुसऱ्याचं पत्रच.

८ फेब्रुवारी
रविवार, वाचनालय बंद. दिवसभर कुणाशी बोलले नाही. तसं कारणही नव्हतं.

१० फेब्रुवारी
वाचकगट काढणार. फलकावर चिठ्ठी लावली: अंदाजपत्रक वाचणाऱ्यांनी गुरुवारी पाचला भेटावं. खोलीवर एकच कप होता, दुसरा आणला.

१२ फेब्रुवारी
बारा खुर्च्या मांडल्या. एक आजोबा आले, पंख्याखाली पेपर वाचायला. उपस्थिती एक. सुरुवात म्हणून वाईट नाही.
पालिकेचे साहेब शेजारीच होते, म्हणून काकूंनी हळूच विचारलं, ती खूण बघितलीस का गं? म्हटलं, छे, मी नाही हो तशी. त्या बराच वेळ बघत राहिल्या. कौतुकानंच.

१८ फेब्रुवारी
पान एकेचाळीस. प्रारंभिक शिल्लक आता पक्की. शेवटचा दिवस; पण अर्धवट वाचून हरकत घेणं अप्रामाणिक. म्हणून मुदतवाढीचा अर्ज लिहिला. पाचवा मसुदा उत्तम उतरला, तोवर ऑफिस बंद झालं.

२ एप्रिल
वाचनालयाला कुलूप. काकूंची बदली पाणीपट्टीच्या खिडकीवर. मुदत संपल्यापासून कपाटात बंद असलेलं अंदाजपत्रक जाताना माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, घे, आता वाच सावकाश.
घरी येऊन खूण उघडली. पान दोनशे सत्त्याऐंशी. वाचनालय, पुढील वर्षाची तरतूद: निरंक. खुणेवर काकूंचं अक्षर: ‘हे बघ. अठराच्या आत लिही.’ खाली तारीख, चार फेब्रुवारी.
म्हणजे दुसरं कुणी वाचत नव्हतंच.
दुसरा कप धुऊन ठेवला. खूण होती तिथेच ठेवली.
उद्या पान बेचाळीस.